गार्ड कोणी काढलं

दिल्लीतल्या आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर पुण्याचा एक मुलगा राहतो. नोकरी कॉम्प्युटरची, पण सुट्टीच्या दिवशी फर्निचर बनवून विकायचं त्याच्या मनात आहे. परवा तो फोनवर ड्रिल आणि ग्राइंडरची चित्रं घेऊन माझ्याकडे आला.

"काका, तुमचं फॅब्रिकेशनचं काम होतं ना? ही स्वस्तातली मशिनं घेऊ का? सुरुवातीला चालतील ना?"

मी त्याला नको म्हणालो. का नको, तेही सांगितलं. आणि शेवटी, नेहमीच्या सवयीने, गोष्ट सांगितली. "माझ्या एका मिस्त्रीचा डोळा गेला रे. गार्ड काढून काम करत होता." मुलगा "बापरे" म्हणाला, माझ्या पाया पडला आणि गेला.

तो गेल्यावर मला माझ्याच तोंडाची किळस आली. चूळ भरावी असं वाटलं, आणि मी खरोखर उठून भरली. कारण ते वाक्य खोटं आहे. इतक्या वर्षांत मी ते इतक्या लोकांना सांगितलं की आरतीसारखं न अडखळता बाहेर पडतं. मिस्त्रीने गार्ड काढलं नव्हतं. मी काढलं होतं.

ग्राइंडरची चकती अर्धीअधिक एका लोखंडी झाकणाखाली फिरते. त्या झाकणाला गार्ड म्हणतात. चकती फुटलीच तर तुकडे माणसाकडे येऊ नयेत, एवढंच त्याचं काम.

मिस्त्री आणि मी दिल्लीला लागून असलेल्या फरीदाबादच्या एकाच कारखान्यात होतो. मी सुपरवायझर, तो फिटर. तो जळगावकडचा, मी पुण्याचा, त्यामुळे कारखान्यात आम्ही दोघे 'वो मराठे' होतो आणि आमच्या बायका एकमेकींच्या हळदीकुंकवाला जायच्या. कारखाना बंद पडला तेव्हा मी एक शेड भाड्याने घेतली आणि जिन्याचे कठडे, खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं बनवायचं काम सुरू केलं. तो माझ्याबरोबर आला. बडबड्या, फुशारक्या मारणारा, तंबाखू मळता मळता सगळ्यांची नक्कल करणारा माणूस होता. कामात सरळ होता, पण उतावळा. बाजारहाट सगळा त्याची बायको करायची. दिल्लीत इतकी वर्षं काढून त्याची हिंदी कारखान्याच्या फाटकाबाहेर फारशी गेली नव्हती. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे मी त्याचा फायदा घेतला.

ते दिवस नव्या इमारतींचे होते. यमुनेपलीकडे, जिथे कालपर्यंत वांगी पिकत होती, तिथे दहा-दहा मजले उभे राहत होते. लॉबीत संगमरवर, बाहेर कारंजं, आणि बाल्कनीच्या कठड्याला हात लावला तर तो हलायचा. दाराच्या बिजागऱ्या महिन्याभरात कुरकुरायच्या, नळ फिरवला की हातात यायचे. विकणाऱ्याला घाई, घेणाऱ्याला त्याहून घाई. बाहेरच्या देशांचा माल येऊ लागला होता आणि 'इम्पोर्टेड' हा शब्द ऐकला की शहाणी माणसंसुद्धा डोकं बाजूला काढून ठेवायची. मी त्यांच्यातलाच. मला कुणी फसवलं, असं म्हणायची सोय नाही.

आमच्याकडे एक जुना जपानी ग्राइंडर होता, जड आणि दणकट. मिस्त्री त्याला 'सासरा' म्हणायचा. "बोलत नाही, पण ऐकून घेतो," असं वर म्हणायचा. साइटवरच्या जनरेटरचा दाब वर-खाली होऊन एक दिवस सासऱ्याचं वाइंडिंग जळलं. दुरुस्तीवाल्याने आठवडा मागितला. तिकडे बिल्डरच्या इंजिनियरने डोकं उठवलं होतं. ताबा द्यायचा दिवस ठरलेला होता, पाहुणे येणार होते, रिबन कापली जाणार होती, आणि दहाव्या मजल्याच्या जिन्याला कठडा नव्हता.

मी जुन्या दिल्लीच्या घाऊक बाजारात गेलो. एका बोळात दुकानाच्या पायरीवर स्वस्त ग्राइंडरांची चळत लावली होती. खोक्यावर नावाजलेल्या कंपनीसारखंच नाव, फक्त एक अक्षर इकडचं तिकडे. हातात घेतला तर खेळण्यासारखा हलका. प्लास्टिकला रॉकेलसारखा वास. पाना असा की नट फिरवायच्या आधी स्वतःच वाकेल.

मी दुकानदाराला विचारलं, "टिकेगा?"

तो रद्दी बांधत होता, मानही वर केली नाही. "बाबूजी, चालू आइटम है. घर में दो छेद करने हैं तो ले जाओ. रोज़ का काम है तो अंदर दूसरा दिखाऊँ."

त्याच्या तोंडी चालू म्हणजे हलका, वरवरचा, वेळ भागवणारा. हे मला पक्कं ठाऊक होतं. माणसाने मला तोंडावर खरं सांगितलं होतं. आतला, दुसरा, मी बघितलासुद्धा नाही. चालूतलेच चार घेतले. एक जळला तर दुसरा, असा माझा हिशोब.

शेडमध्ये खोकी उघडल्यावर मिस्त्रीने एक मशीन उचलून गालाला लावलं. "साहेब, हे कापायचं आहे की दाढी करायची? आमच्या हिच्या मिक्सरला याहून वजन आहे!"

"हलकं आहे ते बरं नाही का? हात दुखणार नाही."

"ते खरं. सासऱ्याने माझा खांदा खाल्ला पार." मग त्याने मशीन उलटंपालटं केलं. "दुकानदार काय म्हणाला पण?"

मी म्हणालो, "चालू आहे म्हणाला."

"चालू असेल तर चालवू," मिस्त्री म्हणाला.

आपल्या मराठीत चालू म्हणजे सुरू असलेलं, काम देणारं. त्याने तेच ऐकलं. त्याने तेच ऐकावं म्हणूनच मी ते तसं म्हणालो. शब्द दुकानदाराचा, जसाच्या तसा. अर्थ मात्र वाटेत बदलला, आणि मी तो बदलू दिला. मी कधी खोटं बोललो नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. असल्या खरेपणावर थुंकावंसं वाटतं.

साइटवर पहिल्याच सकाळी दोन मशिनं गेली. त्यांच्यातून जळक्या लाखेचा वास यायचा, घशाला चिकटणारा. मोटरच्या कार्बन ब्रशपाशी निळ्या ठिणग्या उडायच्या आणि मग मशीन गरम होऊन मुकं व्हायचं. तिसरं टिकलं. पण त्याची रचनाच अशी गचाळ होती की चकती बदलायची तर गार्ड काढल्याशिवाय पाना आत जायचाच नाही. स्वस्त चकत्या भराभर झिजत होत्या. म्हणजे दर थोड्या वेळाने गार्ड काढा, चकती बदला, गार्ड लावा. मिस्त्री प्रत्येक वेळी लावत होता. शिव्या देत लावत होता, पण लावत होता. असं काढघाल करून गार्डच्या स्क्रूचे आटे गेले आणि ते लटलटायला लागलं. डोळ्यांचे चष्मे होते, पण त्यांवर इतके ओरखडे होते की घातल्यावर रेघ दिसायची नाही. ते पेटीत होते. नवे आणणं माझं काम होतं.

जेवण झाल्यावर मिस्त्री सिमेंटच्या गोण्यांवर आडवा झाला. वेल्डर, एक बिहारी माणूस, खाली पाणी प्यायला गेला होता. मी मशीन उचलून बघितलं. गार्ड चकतीला घासत होतं. मी ते काढलं. खाली उतरून हार्डवेअरच्या दुकानातून मोठा स्क्रू आणावा, असा माझा विचार होता. गार्ड घेऊन खाली गेलो आणि माप दाखवायला लागेल म्हणून स्कूटरच्या डिकीत टाकलं. तेवढ्यात इंजिनियरने हाक मारली. लॉबीत चहा होता, पंखा होता. त्याला कठड्याचा रंग कोणता हवा यावर आमची चर्चा झाली. काळा की तपकिरी. मी तपकिरीच्या बाजूने बराच वेळ बोललो.

मिस्त्रीला उठवून दोन शब्द सांगायचे होते. नाही सांगितले. तो घोरत होता आणि मला वाटलं, आत्ता येतोच.

जनरेटर सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हाही मी लॉबीतच होतो. गार्ड आपण लावलंय या भरवशावर मिस्त्रीने उठल्या उठल्या, न बघता, मशीन उचललं. मग वरून वेल्डरची हाक.

मिस्त्री जिन्याच्या पायरीवर बसला होता. दोन्ही हात उजव्या डोळ्यावर. मशीन पलीकडे पडलेलं, चकतीचा मधला तुकडाच तेवढा उरलेला. तो ओरडत नव्हता. "काय उडालं? साहेब, काय उडालं?" एवढंच विचारत होता.

आम्ही त्याला टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं. डोळा वाचणार नाही, हे डॉक्टरांनी लगेच सांगितलं. दाराबाहेर इंजिनियरने मला कोपऱ्यात घेतलं.

"मशीन पे गार्ड क्यों नहीं था?"

आणि माझं तोंड म्हणालं, "निकाल दिया होगा. ये लोग निकाल देते हैं."

ये लोग. ज्याच्या घरी मी पुरणपोळी खात होतो, तो माणूस एका क्षणात 'ये लोग' झाला. इंजिनियरला एवढंच हवं होतं. त्याने मान हलवली, "हाँ, सब ऐसे ही हैं," आणि त्या क्षणापासून आम्ही दोघे एका बाजूला आणि मिस्त्री दुसऱ्या.

दुसऱ्या दिवशी वेल्डर म्हणाला, "साहब, गार्ड मिल नहीं रहा. मिस्त्रीजी कह रहे थे, लगाया था." आम्ही गार्ड शोधलं. आम्ही म्हणतोय, कारण मीही शोधलं. गोण्या हलवल्या, वाळूत हात घातला, पत्र्याखाली बघितलं. खाली उभ्या स्कूटरच्या डिकीत ते आहे हे मला ठाऊक असताना मी गुडघ्यांवर बसून वाळू उपसत होतो. वेल्डरला माझी दया आली. "रहने दीजिए साहब, आप मत कीजिए," असं तो म्हणाला.

त्या संध्याकाळी घरी जाताना मी कालिंदी कुंजच्या पुलावर थांबलो. यमुनेवर पांढरा फेस होता, साबणाच्या पाण्यासारखा, आणि वास असा की लोक नाकाला रुमाल लावून निर्माल्याच्या पिशव्या खाली टाकत होते. टाकून हात जोडत होते. मीही गार्ड टाकलं. माझ्या शेजारच्या बाईने मला सरकून जागा दिली. तिला वाटलं असेल, याच्याकडेही देवाचंच काही आहे.

पुढची गोष्ट व्याकरणाची आहे. पहिल्या दिवशी मी 'काढलं असेल' म्हणालो. आठवड्याभराने पहाडगंजच्या मराठी मंडळींत कुणी विचारलं तेव्हा 'काढलं होतं' म्हणालो. गणपतीपर्यंत ते 'काढून काम करायची त्याला सवयच होती' असं झालं. मी एकदा वाक्य सोडलं की ते फिरून मोठं होऊन माझ्याकडे परत यायचं, आणि मी मान डोलवायचो. इतर ठेकेदारांनी ते ऐकलं. एका डोळ्याच्या फिटरला कदाचित कुणी काम दिलंही असतं. कारखान्यातल्या जुन्या ओळखी होत्या, बसून करायची कामं होती. पण गार्ड काढणाऱ्याला कोण ठेवणार? तो मला भेटायला यायचा, मोसंबी ठेवलेल्या ताटलीकडे बघत बसायचा आणि म्हणायचा, "साहेब, मी लावलं होतं हो. मला आठवतंय ना, लावलं होतं." मी म्हणायचो, "जाऊ दे आता. झालं ते झालं." किती उदार होतो मी!

शेवटी ते कुटुंब गावी परत गेलं. तिथे त्याच्या बायकोने पिठाची गिरणी टाकली. तो तिला हाताखाली मदत करतो.

कितीतरी वर्षांनी एका लग्नात ते दोघे मला भेटले. हात धुऊन येताना मिस्त्री नळ बंद करायला विसरला. त्याची बायको सगळ्यांसमोर म्हणाली, "यांचं हे असंच. गार्ड काढून बसायची सवय!" बायका हसल्या. त्यांची सून म्हणाली, "आमच्या घरात ही म्हणच आहे हो, कुणी काही विसरलं की आम्ही विचारतो, गार्ड काढलं का?" मी मिस्त्रीकडे बघितलं. मला वाटलं तो म्हणेल, लावलं होतं. तो टॉवेलने तोंड पुसत होता. हसून म्हणाला, "काढलं असेल बाबा. असेल."

त्याने ते मान्य करून टाकलं होतं. डोळा यंत्राने घेतला, पण स्वतःच्या हातावरचा त्याचा भरवसा मी घेतला. त्या मांडवात मी बोलायला हवं होतं. मी जिलबी घेतली.

आता त्या चौथ्या मजल्यावरच्या मुलाच्या प्रश्नाचं. रोजच्या कामाला स्वस्त मशीन घ्यावं का? नाही. घरी तसबीर टांगायला घ्या, बिघडलं तर फेकून द्या. पण ज्यावर दुसऱ्याचा हात दिवसभर राहणार आहे, ते घेऊ नका. ते मोडतं म्हणून नव्हे, चांगलंही मोडतं. स्वस्त मशीन थोडंथोडं मोडतं आणि प्रत्येक वेळी आपल्याला विचारतं, एवढं चालवून घेशील का? आटे गेले, चालवून घेशील? गार्ड घासतंय, चालवून घेशील? आपण हो म्हणत जातो. मग माणूस मोडतो, तेही आपण चालवून घेतो. मला त्या मशिनांचा तिटकारा आहे, त्यांच्या वासाचा, त्यांच्या खोट्या नावाचा. पण दुकानदाराने फसवलं नव्हतं आणि मशिनानेही नाही. ते जसं होतं तसंच वागलं.

मुलगा गेला त्याच संध्याकाळी मी मिस्त्रीला फोन लावला. मागे गिरणीची घरघर होती.

"साहेब! आज कशी आठवण काढली? वहिनी बऱ्या आहेत ना?"

मी म्हणालो, "बऱ्या आहेत. मिस्त्री, ते गार्ड मी काढलं होतं."

"काय?"

"तुम्ही झोपला होतात. मी काढलं, स्क्रू आणायला. आणि तुम्हाला सांगितलं नाही."

मग तो म्हणाला, "कुठे होतं ते?"

"माझ्या डिकीत."

"आणि दुसऱ्या दिवशी सगळे शोधत होते, तेव्हा?"

"तेव्हाही."

"वेल्डर मला दवाखान्यात सांगत होता, साहब ने भी बहुत ढूँढा." त्याचा आवाज चढला नाही. "मी म्हटलं, बघ, आपला माणूस तो आपला माणूस."

मी माफी मागायला सुरुवात केली. त्याने ती ऐकून घेतली नाही.

"थांबा. मला नका सांगू. हिला सांगा. देतो."

फोन हातातून हातात गेला. तिने आधी माझ्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाली, "हे असे काय उभे आहेत? काय सांगितलंत तुम्ही यांना?" मी सांगितलं. "नीट ऐकू नाही आलं, भाऊजी. थांबा, गिरणी बंद करते." गिरणी थांबली. त्या शांततेत मला ते सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं. दुकानदाराचा शब्द, स्क्रू, लॉबीतला चहा, वाळू, पूल.

झाल्यावर म्हणाली, "मी यांना इतकी वर्षं टोचत आले."

"चूक माझी आहे, वहिनी."

"ते कळलं. पण मी माहेरी सांगितलंय. गल्लीत सांगितलंय. सुनेला तर घरात आल्याच्या दिवशी सांगितलं, की बाई, सासऱ्यांच्या मागे बघत जा, विसरतात. मी आता कुठे कुठे पुसत फिरू? तुम्ही इकडे या. सगळ्यांना बसवते, त्यांच्यासमोर सांगा. फोनवर कुणीही काहीही बोलतं."

मागून मिस्त्रीचा आवाज आला, "नको बोलावूस. मला तोंड नाही बघायचं."

"तुम्ही नका बघू," ती त्याला म्हणाली. "आत बसा हवं तर. पण त्यांना येऊ द्या."

मग ती मला म्हणाली, "रविवारी या. रविवारी सगळे घरी असतात."

पहाडगंजच्या आणि फरीदाबादच्या ज्या मंडळींना मी ती गोष्ट सांगितली, त्यांतले पुष्कळ आता विखुरले, काही गेले. त्यांच्यापर्यंत मी पोहोचू शकत नाही, म्हणून त्यांच्यासाठी हे लिहिलं. गावचं तिकीट काढलं आहे. बायकोने विचारलं, बरोबर काय न्यायचं. मी काही नको म्हणालो.